जिभेले चिकटलेला तुकडा

सुवर्णानं तो पांढरा तुकडा तोंडात घातला अन् टेकाडावर जमलेलं सारं गाव माना लांबवून पाहू लागलं.

एका अंगाले अर्जुनरावाची माणसं, हातात नारळ. दुसऱ्या अंगाले गुलाबरावाची, हातात पंचशील झेंडे. पावसानं टेकाडाची कड ढासळली तवा हा तुकडा वर आला. अर्जुनराव म्हणे, देवाचा शंख हाये, खाली मंदिर हाये. गुलाबराव म्हणे, शंख कायचा, अस्थी हाये, खाली स्तूप हाये. दोघायनंबी आपापलं उकरून काढाले जेसीबी आणले. दोन्ही जळगाव जामोदच्या एकाच मालकाचे.

शेवटी ठरलं, सुवर्णा म्हणंल ते खरं. ती गुलाबरावाच्याच आळीतली, भिमाबाईची पोरगी. पण अर्जुनरावबी मुकाट्यानं राजी झाला.

होईन नाई तं काय! बाईची सारी जिंदगी ग्रीस अन् इटलीतली जुनी गावं खणण्यात गेली. रोममधी फुटक्या रांजणायचा अख्खा डोंगर हाये. तिथं बसून ती नुसती खापरी चाटून सांगे, यात तेल होतं का दारू. पिणाराचं नावबी सांगे म्हणतात. अन् तोंड कसं साफ! सोताच्या गुरूनं काढलेला नावाजलेला रांजण तिनं भर सभेत नकली ठरवला. गुरूनं बोलणं सोडलं, तिनं खरं सोडलं नाई.

पण हे टेकाड तिचं काळीज होतं. लहानपणी इथंच खापऱ्या येचता येचता तिले हा नाद लागला. जेसीबीचा दात लागला का चहा होईपर्यंत खालच्या जुन्या गावाचा भुगा.

तिनं तुकडा ओढला. तो जिभेले चिकटून बसला होता.

"शंख असा चिकटत नाई," ती म्हणे. "जुनं हाड चिकटते. हाड हाये."

गुलाबरावाच्या माणसायनं एकच गलका केला. जेसीबीवाल्यानं चावी फिरवली.

"थांब बे!" सुवर्णा वरडली. "बकरीचं हाये."

"काय?"

"नळी हाये, गुलाबकाका. हे सुरीचे वार पाहा. अन् या टोकाकून कोणंतरी मस्त चोखली. खाली राख, खापऱ्या अन् अशीच हाडं दिसून राह्यली. हा जुन्या गावाचा उकिरडा हाये."

अर्जुनराव खो खो हसला. "तुमचीच असंल नळी, गुलाबराव!"

"काऊन? तुमच्या आज्यायले दात नव्हते काय?"

मंग दोघायच्याबी ध्यानात आलं. उकिरड्यावर ना मंदिर बांधता येते, ना स्तूप. नारळ पिशवीत गेले, झेंडे गुंडाळले गेले, जेसीबी आले तसे वापस गेले.

"कोणालेच नको असंल तं मले खणू द्या," सुवर्णा म्हणे. "खुरप्यानं, ब्रशानं, हळूहळू."

"घे वं बाई, घे," दोघंबी एका सुरात बोलले. कैक वर्षांत पह्यल्यांदा.

टेकाड मोकळं झालं तशी भिमाबाई काठी टेकत लेकीजवळ आली. कानाशी लागून म्हणे, "खरं सांग वं, बकरीचीच होती का?"

"हाव, आई," सुवर्णानं कपाळाचा घाम पुसला. "मी तं जिंदगीत पह्यल्यांदा खोटं बोलाचं ठरवून आली होती. बकरीनं लाज राखली."