वर्कशॉपला कुलूप

पोटच्या पोरानं आईसाठी दाराला कुलूप लावावं, याहून मोठा अपमान म्हातारीनं जन्मात पाहिला नव्हता.

"कुलूप चोराला लावतात," ती दाराबाहेरून ऐकवायची. "मी काय तुझे स्क्रू विकून खाणार आहे?"

"नाही, आई," आतून धाकट्याचा आवाज यायचा. थोरल्याला स्मशानात पोचवून आल्यापासून त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. त्या दिवशी घरी आला, तो आधी मोरीत जाऊन बसला. खाली वाकून दोऱ्याचा तुकडा वेचला, खिशात घातला. दुसऱ्या दिवशी कुलूप घेऊन आला.

आधी असं नव्हतं. गोठलेल्या तलावात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांचे, सिलिंडरमधली हवा तोंडात पोचवणारे रेग्युलेटर या मागच्या खोलीत दुरुस्तीला यायचे. म्हातारी केव्हाही आत शिरायची, केर काढायची, पसाऱ्यावरून धाकट्याला फैलावर घ्यायची. शाळेचं तोंड तिनं जेमतेम पाहिलेलं. पण लोकांची भांडी घासून दोन पोरं वाढवलेली बाई. कुणापुढं मान खाली घालायची तिला सवय नव्हती.

थोरला पाण्यात उतरायचा आणि धाकटा त्याचा श्वास सांभाळायचा. रेग्युलेटरसुद्धा धाकट्यानंच निवडून आणलेला. सिलिंडरवर बसणारा पितळी गोळा बाहेरून सीलबंद, म्हणजे बर्फाचं पाणी आतल्या स्प्रिंगपर्यंत पोचणार नाही. तोंडात धरायचा भाग धातूचा, म्हणजे श्वासाची ऊब त्यात पटकन पसरेल.

"आणि तोंड पाण्याखाली जाईपर्यंत यातून श्वास घ्यायचा नाही," तो बजावायचा. "वाफ आत गोठते. एक थेंब आत राहिला तरी खेळ खलास."

"याच्यापेक्षा नवरी सांभाळणं सोपं," थोरला हसायचा.

म्हातारीला तर हसू आवरायचं नाही. "पाण्यात जाणाऱ्या वस्तूला पाण्याचं भय! आता माशाला छत्री घेऊन द्या."

गेल्या हिवाळ्यात तलावातली पाणीपुरवठ्याची जाळी बर्फानं तुंबली. थोरला ती मोकळी करायला उतरला आणि त्याच जाळीशी त्याचा दोर अडकला. तो जिवंत वर आला नाही. चौकशीत धाकटा उभा राहिला आणि म्हणाला, चूक माझी. दुरुस्तीचा परवाना गेला. आता तो शेगड्यांचे गॅसचे कॉक दुरुस्त करायचा. त्यांनासुद्धा कुलूप!

त्या दुपारी पाणबुड्यांच्या तुकडीचा प्रमुख आला. थोरला बुडाला तेव्हा काठावर दोर धरून उभा होता तो हाच. त्यानं थोरल्याचा रेग्युलेटर पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. म्हातारी दारात हाताची घडी घालून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"चौकशीच्या नव्या साहेबांनी पुन्हा तपासून घेतला," प्रमुख धाकट्याला म्हणाला. "बाहेरचं सील शाबूत आहे. तलावाचं पाणी आत गेलेलंच नाही. सिलिंडरला जोडतो त्या तोंडातून पाणी शिरलं, आणि तेही जोडण्याआधी. ते आत गोठलं, झडप उघडी अडकली, सगळी हवा बुडबुड्यांनी निघून गेली."

"मी तेच सांगितलं होतं. धुताना त्या तोंडावरची टोपी नीट लावायची राहिली."

"तुझ्याकडून?" प्रमुख पुढं झुकला. "अरे, टोपी लावून वर दोरा गुंडाळणारा माणूस तू. आम्ही चेष्टा करायचो तुझी. हे बघ, तुझी चूक नसेल तर परवाना परत मिळतोय. तुझ्यानंतर कुणी हात लावला होता याला?"

धाकट्यानं मान वर केली. म्हातारीकडे पाहिलं. चोराची नजर, तिच्या मनात आलं. मग त्यानं मान खाली घातली.

"कुणी नाही."

"नक्की?"

"नक्की."

प्रमुख उसासा टाकून उठला. दारापाशी थबकला. "मावशी, तुम्ही त्या दिवशी घरीच होता. तुम्हाला काही..."

"आईला विचारू नका!" धाकटा एवढ्या जोरात ओरडला की प्रमुख दचकलाच. "तिला यातलं काही कळत नाही."

प्रमुख गेला. म्हातारीचा पारा चढला होता.

"मला कळत नाही? लोकांदेखत आईला अडाणी ठरवतोस?"

"तसं नाही, आई."

"तसंच आहे. भाऊ खाल्लास, वर तोंड करून बोलतोस. वर्षभर गिळलं मी, म्हटलं एक तरी उरलाय. आता पुरे. चंबूगबाळं उचल आणि चालू लाग. या घरात तुझं तोंड नको मला."

धाकटा खोलीत गेला. त्यानं कपडे पिशवीत कोंबले. थोरल्याचा रेग्युलेटर उचलला, टोपी घट्ट आहे ना हे अंगठ्यानं चाचपलं आणि कपड्यांखाली ठेवून दिला. उंबऱ्याशी तो थांबला. खिशातली किल्ली त्यानं हातात घेतली, पण तिला द्यायला त्याचा हात पुढं होईना.

"किल्ली दे."

त्यानं दिली. "कॉक उद्या दुकानदार घेऊन जाईल. तोवर त्यांना हात लावू नकोस, आई. पाया पडतो."

तेवढंच ऐकायचं राहिलं होतं. म्हातारी ताडकन पुढं झाली.

"माझ्या हाताला नावं ठेवतोस? आदल्या रात्री रेग्युलेटर ग्रीसनं माखलेला तसाच टेबलावर टाकून झोपायला गेला होतास, माझ्या लेकाच्या तोंडात जायची वस्तू! तुझा तो दोरा सोडून, टोपी काढून, मोरीतल्या नळाखाली धरून आतपर्यंत खळखळून धुतला तो मी! थोरल्यासाठी शेवटचं काही कुणी नीट केलं असेल ना, तर ते मी केलं. तू नाही!"