झूम न होणारी लेन्स

वेनिंगने मोटरसायकलच्या किमतीची, झूम न होणारी लेन्स घेतली, तेव्हापासून तिचा धाकटा भाऊ गालिह तिची थट्टा करायचा. "ताई, माझी झूम बघ. दारात उभं राहून अख्खं लग्न टिपतो. तुला एका चेहऱ्यासाठी लोकांच्या मांडीवर जाऊन बसावं लागतं!"

इंडोनेशियातल्या मलांग शहरात दोघं एका लग्नाचे फोटो काढायला गेली, तेव्हाही आदल्या संध्याकाळी तो नवरीच्या खोलीच्या दारात असाच उभा होता. आत मिणमिणत्या दिव्याखाली नवरी लारास नटून बसली होती आणि मावश्या-आत्यांनी तिला वेढलं होतं. फोटोसाठी वेनिंग अगदी तिच्या तोंडाजवळ सरकली, तेव्हा ओठांवरचं हसू न मोडता लारास पुटपुटली, "मी या लग्नाला नकार दिला होता. खोलीला बाहेरून कडी घालतात. मला इथून न्या."

वेनिंगने कॅमेरा खाली घेतला. मग ती मोठ्याने म्हणाली, "इथे उजेड कमी आहे. या लेन्सने फोटो येणार नाहीत. नवरीला एकटीला मागच्या बागेत न्यावं लागेल."

"आज तिने खोलीबाहेर पाऊल टाकायचं नसतं!" आत्या कडाडली.

"मग मुलाकडच्यांना काळे फोटो दाखवा."

आत्याने नाइलाजाने लारासला उठायची खूण केली.

गालिह मात्र बहिणीकडे बघतच राहिला. ती लेन्स एवढी महाग होती ती अंधारातही फोटो काढते म्हणूनच, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.



त्याने आपला कॅमेरा बॅगेत टाकला आणि हळूच विचारलं, "ताई, गाडी मागच्या फाटकाशी लावू?"