पाठीची शिवण

"पाठ उघडीच ठेवायची, नेहमीसारखी," दलाल म्हणाला आणि मापाचा कागद त्याने मशीनवर ठेवला. "उद्या सकाळी हवा."

"तुमच्या गिऱ्हाइकांना परवा कधीच चालत नाही का हो?"

"नाही चालत," तो म्हणाला.

हळू बोलणारा माणूस. भावात घासाघीस करणं त्याच्या गावीही नव्हतं. धाकटीने कागद उचलला आणि तो पायऱ्या उतरून गेला. घरात ती धाकटी होती. दुकान काढल्यावर गल्लीनेही तेच नाव उचललं.

सुरुवातीला तिने झगे, गळपट्टे, हातमोजे, पर्स असं सगळं हौसेने मांडलं होतं. माणसं काचेपर्यंत येत, काचेत बघून केस नीट करत आणि पुढे जात. शेवटी दुकानाला कुलूप लावायचं ठरलं, त्याच आठवड्यात हा दलाल आला. त्याने गळ्याजवळचं काम बराच वेळ निरखलं. शिवाल तेवढे झगे नेतो म्हणाला, हातमोजे आणि गळपट्टेसुद्धा. पर्स मात्र नको. खिसे नकोत. आणि पाठीला शिवणीऐवजी नुसते बंद.

"हे असले कपडे कोण घालतं?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"आमच्या गिऱ्हाइकांना दुसरं कोणीतरी घालून देतं, बाई. त्यांना हात हलवावा लागत नाही."

बडी घरं, ती समजली. फार खोलात गेलं तर आलेली लक्ष्मी परत जायची, म्हणून गप्प बसली.

आता दुकानात तीन मशीन होती, हाताखाली दोन बायका होत्या. धाकटीने नशीब काढलं, असं लोक म्हणत. धाकटी मात्र रस्त्याने चालताना प्रत्येक बाईचा गळा बघायची, बाही बघायची. इतके झगे शिवले, पण एकही कधी कुणाच्या अंगावर दिसला नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं तिला वाटे.

"तुझी गिऱ्हाइकं म्हणजे देवमाणसं," नवरा म्हणे. "उसवलं नाही, आटलं नाही, रंग गेला नाही. कुणाची कुरकुर म्हणून नाही."

"कुणी दुसऱ्यांदाही येत नाही," ती म्हणे.

आज मात्र कागद वाचता वाचता तिचा हात थांबला. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. मान लांब. डावी बाही किंचित आखूड.

"अहो, हे थोरलीचं माप आहे."

लहानपणी दोघी कुंपणाच्या भिंतीवरून उड्या मारत. थोरलीचं खांद्याचं हाड तेव्हा मोडलं आणि खाली बसलं ते बसलंच. तिचे सगळे फ्रॉक पुढे धाकटीनेच शिवले. डोकं विसरलं तरी बोटं ते माप विसरणार नव्हती.

नवऱ्याने कागद हातात घेतला. "कंबर बघ की. तुझी बहीण एवढी बारीक कुठे आहे?"

"श्रीमंत बायका उपाशी राहून बारीक होतात."

"मग सरळ इथेच यायचं ना. दलाल कशाला मध्ये?"

"नाक आडवं येतं तिचं."

त्या नाकाची हकिकत घरात सगळ्यांना पाठ होती. दुकान उघडलं त्या दिवशी धाकटीने पहिला झगा थोरलीला दिला होता. थोरलीने चारचौघांत तो उलटासुलटा केला. "पाठीकडून अगदीच गबाळं काम. आणि खिसा कुठे आहे? मेले तरी असलं अंगाला लावायची नाही मी." त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींच्या घराचा रस्ता सोडला. धाकटीने दुकान नेटाने चालवलं ते पोटासाठी, हे खरं. पण एकदा, निदान एकदा, थोरलीने आपल्या हातचं घालावं, एवढं एकच तिच्या मनात रुतून बसलं होतं.

हा झगा तिने कामाच्या बायकांना दिला नाही. स्वतः बेतला, स्वतः शिवला. पाठीला बंद लावलेच नाहीत. तिथे अशी बारीक शिवण घातली की बोट ठेवायला जागा राहू नये. बाजूच्या शिवणीत खिसा लपवला. उरल्या कापडाची एक छोटी पर्सही केली.

"उघडी सांगितली होती ना पाठ?" नवरा म्हणाला.

"ती पाठच बघेल आधी. मला माहीत आहे."

सकाळी दलालाचा फोन आला. गाडी बंद पडली होती. तुम्हीच आणून द्या, पण मागच्या दाराने या, म्हणाला आणि त्याने पत्ता सांगितला.

आवारात गाड्याच गाड्या होत्या. चांगल्या कपड्यांतली माणसं घोळक्याने उभी राहून हलक्या आवाजात बोलत होती. एका टेम्पोतून फुलं उतरत होती. दलालाचं दुकान झोकात चाललंय, धाकटीला वाटलं. मागच्या दाराशी बाकावर थोरलीचा नवरा बसला होता. तिला पाहून तो उठला.

"आलीस तू," तो म्हणाला. "तिला वाटत नव्हतं तू येशील."

"मापावरूनच ओळखलं मी, दाजी. आत आहे ना ती?"

"आत आहे."

तेवढ्यात ॲप्रन घातलेला एक माणूस बाहेर आला. त्याने तिच्या हातातलं खोकं घेतलं, झगा उंच धरला. "सुरेख," तो म्हणाला. मग त्याने तो पालथा केला आणि पाठीवरून बोट फिरवलं. पर्स उचलून तिच्या हातात परत दिली.

"घालून बाहेर येईल ना ती?" धाकटी म्हणाली. "मला एकदा बघायचंय."

माणसाने दाजींकडे पाहिलं. दाजींनी तोंड फिरवलं.

"पाठ उघडी सांगितली होती, बाई," तो हळूच म्हणाला आणि त्याने ॲप्रनच्या खिशातून कात्री काढली. "त्यांचे हात आता वळत नाहीत."