झाकून ठेवलेला भात

"मी इथे नाहीच असं समजा," कुकर कंपनीतर्फे मी निरीक्षणाला गेले तेव्हा माल्सूनआजींना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तीन दिवस कोरियातल्या दैगू शहरात त्यांच्या स्वयंपाकघरात कोपरा धरून टिपणं काढली. घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, नियमच तसा. आजी एकट्या जेवायच्या, पण भात दोघांचा लावायच्या. शेवटच्या दुपारी अहवाल पाठवला: 'एकटी माणसंही दोघांपुरता भात शिजवतात. छोटा कुकर बनवू नये.' साहेबांची शाबासकीही आली. निघताना आजींनी उबदार फरशीवरची गोधडी उचलली, खालची भाताची वाटी माझ्यापुढे ठेवली. "संपला ना नियम? जेव आता. तू इथे नाहीस म्हणालीस, म्हणून रोज झाकून ठेवला. आमच्यात घरी नसलेल्याचा भात ठेवावाच लागतो." "आणि एरवी?" मी विचारलं. "मूठभर. एवढ्या मोठ्या भांड्यात करपतो मेला. तुमच्याकडे छोटा कुकर मिळेल का गं?"