कॉफीची बदनामी

ऐन उन्हाळ्यात घड्याळजी दुकान विकून मुलीकडे राहायला गेले आणि समोरच्या सलूनवाल्या काकांचा दुपारच्या गप्पांचा अड्डाच मोडला. त्या जागी एका तरुण पोरीने कोल्ड कॉफीचं दुकान थाटलं, तेव्हा तर काकांच्या डोक्यात तिडीकच गेली.

मग खुर्चीत बसेल त्याच्या मानेवर वस्तरा टेकवून काका बजावू लागले, "समोरची कॉफी चुकूनही पिऊ नका. तोंडाची चव जाते." वस्तरा मानेवर असताना वाद कोण घालणार?

तरी समोरची गर्दी वाढतच चालली. ऊन उतरलं की लोक घरून खुर्च्या घेऊन यायचे, गाणी रंगायची, आणि इकडे काका रिकाम्या सलूनमध्ये माश्या मारत बसायचे.

शेवटी एका संध्याकाळी न राहवून ते तरातरा रस्ता ओलांडून गेले.

"काय जादू केलीस गं या लोकांवर?"

"मी कुठं काय केलं, काका? जो येतो तो हेच म्हणतो, सलूनवाले एवढी नावं ठेवतात, तर बघू तरी पिऊन."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. पोरीला त्यांची कीव आली. तिने एक थंडगार ग्लास त्यांच्यापुढे सरकवला आणि हळूच म्हणाली,



"काळजी करू नका, काका. उद्यापासून मी तुमच्या कटिंगला नावं ठेवते."