हसनचं नाव

फळ्यासमोर उभं राहताच विश्रामचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. पन्नास वर्षांपूर्वी कर्णबधिरांच्या याच शाळेत त्याला तसंच बसावं लागे. खुणा केल्या की बोटांवर पट्टी बसायची. ओठ हलवूनच बोलायचं, असा गुरुजींचा हट्ट होता.

त्याला खरं बोलतं केलं ते हसननं. वसतिगृहातला हा दोस्त विहिरीपाशी कपडे धुताना, गुरुजींची पाठ वळली की, ओल्या हातांनी एकेक खूण शिकवायचा. समुद्र, भूक, आई, घरची आठवण. साबणाचा फेस उडवत दोघं पोटभर गप्पा मारायचे. पुढे विश्राम शिंपी झाला. हसन बोटीवर कामाला गेला आणि तिथंच तापानं वारला.

आता कायद्यानं खुणांची भाषा हा या मुलांचा हक्क मानला होता, आणि ती शिकवायला शाळेनंच विश्रामला बोलावलं होतं. वर्गाच्या तरुण बाईंनी त्याचे मागे गेलेले हात पाहिले आणि खुणेनं म्हणाल्या, "काका, हात पुढे घ्या. इथं आता कुणी मारत नाही."

तो शिकवू लागला. थोड्या वेळानं पहिल्या बाकावरच्या मुलीनं मोडक्यातोडक्या खुणांत विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?"

हसनच्या भुवईवर जखमेचा वण होता. भुवईवर बोट टेकवणं, हीच त्याच्या नावाची खूण. ती ओळखणारं आता कुणी उरलं नव्हतं. कित्येक वर्षांनी विश्रामनं भुवईवर बोट टेकवलं.

समोरच्या वीस मुलांनीही आपापल्या भुवईवर बोट टेकवलं.