पुस्तकात आहे तसंच

स्थलांतराच्या माहितीपुस्तकातल्या नकाशात चर्च होतं, शाळा होती, पाणचक्कीसुद्धा होती. ब्राझीलला पोचल्यावर दिसलं ते नुसतं जंगल. "हे लिहिणारा एकदा माझ्या तावडीत सापडू दे!" वाल्बुर्गाचा नवरा रोज दात-ओठ खायचा. पोरगी तापानं गेली, तरी जर्मनीतल्या आईच्या जिवाला घोर नको म्हणून वाल्बुर्गानं पत्रात लिहिलं, 'सगळं अगदी पुस्तकात आहे तसंच आहे.'

वर्षभरानं घरदार विकून आलेली अकरा बिऱ्हाडं होड्यांतून उतरली. सगळ्यांत पुढे तिची धाकटी बहीण. कडेवर तान्हं, हातात त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती.



"पहिल्याच पानावर तुझं पत्र छापलंय, ताई! आई म्हणाली, पुस्तकवाले एक वेळ थापा मारतील, पण आपली वाल्बुर्गा नाही मारणार."